टेरेस्ड हाउस म्हणजे गच्चीचं घर?

सायली_पुणे: इंग्लंडमधल्या ब्रायटन-होव्हच्या जुन्या घरांवरचा मजकूर भाषांतर करतेय. 'टेरेस्ड हाउस'ला बिनधास्त 'गच्चीचे घर' लिहिलं. मग ब्रन्स्विक टेरेसचे फोटो पाहिले. 1820च्या दशकातली, समुद्राकडे तोंड करून एकमेकांना चिकटून उभी उंच घरं. गच्चीचा पत्ता नाही! काय लिहू?

नाशिककर: रो हाउस. आमच्याकडे रिक्षावाल्यालाही कळतं.

शुद्धमती: रो हाउस मराठी कधी झालं? 'ओळघर' म्हणा.

नाशिककर: ओळघर कोण म्हणतं? तुमच्या घरी तरी म्हणतात का?

बाबूराव: सरळ चाळ म्हणा की.

सायली_पुणे: चाळीत गॅलरी सगळ्यांची. इथे सामाईक फक्त मधली भिंत. दार, जिना, तळघर ज्याचं त्याचं.

जुनाबाड: लॅटिनमध्ये टेरा म्हणजे माती. भराव घालून उंच केलेली जागा ती टेरेस, पुढे तिच्यावरच्या घरांच्या ओळीलाच ते नाव पडलं. गंमत म्हणजे आपली गच्ची फारसी 'गच'वरून, म्हणजे चुना. त्या घरांना बाहेरून स्टकोचा गिलावाच आहे. तेव्हा सायलीताई, तुमची चूक अर्धीच!

शुद्धमती: ओढूनताणून.

होव्हकर: गिलाव्याच्या आत काय आहे ते मला विचारा. दोन वर्षं भाड्याने राहिलोय. फोटो लावायला ड्रिल चालवलं तर भोकातून आधी भुसा, मग विटेचा तुकडा, मग गारगोटी. खुंटी मुठीएवढ्या खड्ड्यात लोंबकळत होती. तिथे त्याला 'बंगरूश' म्हणतात. चुन्यात गारगोटे, विटांचे तुकडे, हाताला येईल ते.

बाबूराव: म्हणजे डबर.

होव्हकर: डबर म्हटलं की आपल्याला घराच्या पायातले दगड दिसतात. हा घरभर भिंतीत असतो.

नाशिककर: तिथे विटांवर कर होता म्हणून काळ्या कौलांच्या खोट्या विटा लावायचे ना?

जुनाबाड: ब्रायटनच्या रॉयल क्रेसेंट या घरांच्या ओळीवर आहेत तशा, 1798 ते 1807 मधल्या. पण 1784च्या कायद्यात कौलांवरही कर होता. वाचवलं काय मग?

शुद्धमती: विषय ओळघराचा होता.

सायली_पुणे: तूर्त 'टेरेस्ड घरे' लिहून पाठवलं. आता 'बो विंडो' अडलीय. कमानखिडकी?

होव्हकर: कमान वर असते हो. ही पुढे आलेली.

बाबूराव: पोट सुटलेली खिडकी.

शुद्धमती: गवाक्ष!