१८९३ सालचं पाश्चात्त्य संगीत: सुरुवात कुठून करू?

कोमल_निषाद: ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकत मोठी झाले. पाश्चात्त्य अभिजात संगीताचा पसारा एवढा, की दरवेळी ऐकणं मध्येच सुटतं. म्हणून या खेपेला एकच साल धरायचं ठरवलंय, १८९३. द्वोर्झाक या चेक संगीतकाराची 'न्यू वर्ल्ड' सिम्फनी (वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना) त्या सालची, एवढंच ठाऊक आहे. आणखी काय ऐकावं, कोणत्या क्रमाने? रोज रात्री पाऊण तास निवांत मिळतो.

खर्ज: साल फार छान निवडलंत. 'न्यू वर्ल्ड'नेच सुरुवात करा, पण आधी दुसरा भाग ऐका, लार्गो. पितळी वाद्यांचे संथ स्वरपुंज, मग इंग्लिश हॉर्न या लाकडी फुंकवाद्यावर मुख्य धून. विलंबित ख्याल ऐकलेल्या कानाला ही लय परकी वाटणार नाही. धून पाठ झाली की मगच सलग चारही भाग लावा. शेवटच्या भागात आधीच्या तिन्ही भागांतल्या धुना परत भेटतात, त्या ओळखता आल्या की खरी मजा.

माजघर: लार्गोची धून म्हणजे 'गोइंग होम' हे जुनं कृष्णवर्णीयांचं भक्तिगीत ना?

खर्ज: नाही, धून द्वोर्झाकचीच. शब्द त्याचा विद्यार्थी विल्यम आर्म्स फिशर याने १९२२ साली बसवले, म्हणून हा समज पसरला. पण अशी गाणी त्याने ऐकली होती हे खरं. न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीत तो संचालक असताना हॅरी बर्ली हा विद्यार्थी ती त्याला गाऊन दाखवायचा. सिम्फनी १६ डिसेंबरला तिथल्याच कार्नेगी हॉलमध्ये पहिल्यांदा झाली. त्याच उन्हाळ्यात आयोवातल्या स्पिलव्हिल गावी सुट्टीवर असताना लिहिलेली 'अमेरिकन' चौकडीही ऐका. चारच तंतुवाद्यं (दोन व्हायोलिन, व्हिओला, चेलो), अर्ध्या तासाच्या आत संपते.

सांजवात: कोमलताई, रशियन संगीतकार चायकोव्हस्कीची सहावी सिम्फनी, 'पॅथेटिक', चुकवू नका. माझ्या मते त्या सालातली सर्वांत मोठी रचना हीच. २८ ऑक्टोबरला पीटर्सबर्गला पहिल्या प्रयोगात वाद्यवृंदाचं संचालन त्याने स्वतः केलं आणि ६ नोव्हेंबरला तो गेला. तिसरा भाग इतक्या दणक्यात संपतो, की सभागृहात लोक हमखास टाळ्या वाजवतात. मग चौथा सुरू होतो आणि सगळं कोसळतं.

त्या चौथ्या भागाची सुरुवात हेडफोन लावूनच ऐका. तिथली उतरती धून एकही वादक वाजवत नाही! पहिल्या व्हायोलिनांकडे एक स्वर, दुसऱ्यांकडे पुढचा, असे आलटूनपालटून वाटलेले. कुठलाही एक गट वेगळा ऐकलात तर नुसत्या तुटक उड्या. दोन्ही मिळून धून होते ती आपल्या कानात. मात्र दोन्ही गट समोरासमोर, डावीकडे-उजवीकडे बसलेले हवेत. संचालक म्राव्हिन्स्की आणि लेनिनग्राडचा वाद्यवृंद, १९६० सालचं ध्वनिमुद्रण शोधा.

माजघर: आणि ऑपेरा? त्याच सालच्या फेब्रुवारीत व्हेर्दीचा 'फाल्स्टाफ' मिलानला ला स्काला या ऑपेरागृहात आला. ८० व्या वर्षाच्या उंबरठ्यावरच्या माणसाने लिहिलेलं प्रहसन!

खर्ज: उत्तम आहे, पण सुरुवातीला नको. शब्द आणि सूर इतके घट्ट विणलेत की अर्थ कळल्याशिवाय हाती काही लागत नाही. महिनाभराने उपशीर्षकं असलेला व्हिडिओ बघा.

कोमल_निषाद: सगळ्यांचे मनापासून आभार. लार्गो आजच लावते. पियानोचं काही आहे का? आणि फ्रान्समधलं?

सांजवात: पियानोसाठी ब्राम्स, ओपस (रचनासंग्रहाचा क्रमांक) ११९ मधली पहिली रचना, चार मिनिटांच्या आतबाहेर. स्वर एकेक करून खाली उतरतात आणि एकमेकांवर रेंगाळतात. ती आपली मैत्रीण, पियानोवादक क्लारा शूमनला पाठवताना त्याने लिहिलं होतं, की हिचा प्रत्येक स्वर लय मंदावत असल्यासारखा वाजायला हवा. घाईत वाजवलेलं ध्वनिमुद्रण सरळ बाजूला ठेवा.

खर्ज: फ्रान्ससाठी दब्युसीची चौकडी, पहिला प्रयोग २९ डिसेंबर, पॅरिस. आधी दुसरा भाग, त्यात तारा बोटांनी छेडतात. द्वोर्झाकच्या चौकडीनंतर लगेच लावा, तीच चार वाद्यं किती निराळी बोलतात ते कळेल.