बाभळीचं 'अकेशिया' नाव ऑस्ट्रेलियाला दिलं, हे पटतं का?

रानवाटसरू
बाभळीला आता अकेशिया निलोटिका म्हणायचं नाही, व्हॅचेलिया निलोटिका म्हणायचं. खैर झाला सेनेगालिया कॅटेचू. आणि अकेशिया हे नाव कुणाकडे गेलं तर ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे. इतकी वर्षं झाली तरी मला हे पचत नाही म्हणून धागा काढतोय.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. फिलिप मिलरनं १७५४ मधे अकेशिया हा जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा एक गट, मांडला, आणि त्याचा टाईप, म्हणजे ज्या जातीला ते नाव कायमचं बांधलेलं असतं ती जात, ती बाभूळच. पुढे जगभरातून भर पडत पडत १३०० च्या वर जाती गोळा झाल्या आणि डीएनए बघितल्यावर कळलं की हे एक कुटुंब नाहीच, निदान पाच वेगवेगळी आहेत. फोडा की मग, त्याबद्दल तक्रार नाही. पण नियम साधा आहे, टाईप जिकडे नाव तिकडे. ते सोडून ऑस्ट्रेलियावाल्यांनी २००३ मधे प्रस्ताव आणला की टाईपच बदला, ऑस्ट्रेलियातली जात टाईप करा. २००५ ला व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसमधे मतदान झालं, जवळपास ५५ टक्के मतं याच्या विरोधात पडली, तरी प्रस्ताव पास! का, तर प्रस्तावाला कमिटीची शिफारस होती आणि ती फेटाळायला ६० टक्के लागतात. सातबारा आपल्या नावावर आणि पीक काढून नेणार शेजारी, असला प्रकार आहे हा.

हर्बेरियमवाला
राग समजतो पण अर्धीच बाजू सांगताय. ऑस्ट्रेलियात या गटाच्या हजाराच्या आसपास जाती आहेत, व्हॅचेलियात १६० च्या आसपास आणि सेनेगालियात दोनशेच्या. तुमचा 'साधा नियम' लावला असता तर त्या हजार जातींना रॅकोस्पर्मा म्हणायची वेळ आली असती, म्हणजे तिकडची सगळी पुस्तकं, नर्सऱ्या, वनखात्याच्या याद्या, सगळं बदला. असा गोंधळ टाळायला नाव राखून ठेवायची तरतूद वनस्पतींच्या नामकरणाच्या नियमावलीतच आहे, ती काही या केससाठी मागच्या दाराने घुसवलेली नाही. आणि २०११ ला मेलबर्नमधे परत तोच वाद निघाला, तिथे स्पष्ट बहुमतानं हाच निर्णय कायम राहिला.

रानवाटसरू
मेलबर्नमधे! ऑस्ट्रेलियात! बरं, जातींची संख्या मोजता, मग ती नावं वापरणारी माणसं पण मोजा ना. सेनेगलपासून केनिया, सुदान, अरबस्तान, राजस्थान, आपला मराठवाडा, एवढ्या पट्ट्यात शेळ्या, जळण, डिंक, औतं सगळं या झाडांवर चालतं. त्या हजारातल्या कित्येक जाती तिकडच्या माळावर कुणी ढुंकूनही बघत नाही. आणि काँग्रेसला जाऊन मत द्यायचं तर तिकिटाचे पैसे कोणाकडे असतात? संस्थांची मतं असतात म्हणा, पण जुनी मोठी हर्बेरियमं, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांचे संग्रह, आहेत कुठे, युरोप अमेरिकेतच ना.

सुगंधा_के
+१. शेवटचा मुद्दा एकदम बरोबर.

बांधावरचा
तुमचं चालू द्या, आमच्याकडे बाभूळ बाभूळच राहणार. पण एक सांगतो, हे वेगळे गट आम्हाला डीएनए शिवाय पण माहिती होते. बाभळीचा काटा सरळ, पांढरा, लांब, जोडीनं येतो, पायात गेला की आरपार. हिवराचं पण तसंच. खैर आणि शिकेकाईचा काटा आखूड आणि आकड्यासारखा वाकडा, तो टोचत नाही तर धरतो, शिकेकाईच्या जाळीत शिरलात तर सदरा सोडूनच बाहेर यावं लागतं. आता कोणी शहाणा म्हणेल हे सगळं एकच तर त्याला एकदा शिकेकाई तोडायला पाठवा.

हर्बेरियमवाला
@बांधावरचा जबरदस्त, आणि अगदी हेच पुस्तकात आहे. व्हॅचेलियात उपपर्णांचे, म्हणजे देठाच्या बुडाशी असणाऱ्या जोडपानांचे, झालेले सरळ काटे, सेनेगालियात आकडे. आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ, जी सामाजिक वनीकरणात कोकणात, गोव्यात भरमसाठ लावली, तिला काटेच नाहीत. तिचं पान म्हणजे खरं पानच नाही, चपटा झालेला देठ आहे. नर्सरीत पिशवीतलं अगदी कोवळं रोप बघा, पहिली एकदोन पानं बाभळीसारखी बारीक पानांची पिसासारखी असतात, नंतरच्या पानात देठ रुंद होत जातो आणि टोकाला पिसं जेमतेम उरतात, त्यानंतर नुसती कोयतीसारखी पाती. वंशावळीत ती बाभळीपेक्षा शिरीषाच्या जवळची आहे. म्हणून वेगळं करणं भागच होतं.

रानवाटसरू
अहो पण वेगळं करू नका असं कोण म्हणतंय?? मुद्दा नाव कुणाला मिळालं हा आहे. तुम्ही सारखे तिकडे नेताय. बिनकाट्याच्या, शिरीषाच्या जवळच्या झाडाला अकेशिया आणि मूळ मालक व्हॅचेलिया! हा व्हॅचेल कोण माहितीये का, ईस्ट इंडिया कंपनीचा मकाऊमधला पाद्री. नाईलकाठच्या बाभळीशी त्याचा संबंध काय?

टोपणनाव_नंतर_सुचेल
वॉव, मग जॉर्ज, विल्यम वगैरे नावं असलेल्या निम्म्या वनस्पती बाद करायच्या का? व्हॅचेलिया काही २००५ ला शोधून काढलेलं नाव नाही, वाइट आणि अर्नॉटनी १८३४ मधे दिलंय, ते पण दक्षिण भारताच्या वनस्पतींवर लिहिताना. नाव ही ओळखखूण आहे, सत्कार नव्हे. फक्त खरंच अपमानकारक असेल तर बदलावं, तसं २०२४ ला माद्रिदच्या काँग्रेसमधे झालंच, 'काफ्रा' (आफ्रिकेतल्या काळ्या लोकांसाठीच्या शिवीवरून आलेला शब्द) असलेली दोनशेवर नावं 'आफ्रा' करायचं ठरलं. त्यात एक सेनेगालिया पण आहे बरं का.

रानवाटसरू
म्हणजे मतदान करून नावं बदलता येतात हे मान्य. मग आमचंही बदला परत.

वैद्यबुवा_नाशिक
यात आमचे हाल कुणी बघत नाही. खदिराच्या, म्हणजे खैराच्या, औषधावर लेबल अकेशिया कॅटेचू, नव्या शोधनिबंधात सेनेगालिया कॅटेचू, विद्यार्थी विचारतो सर ही दोन वेगळी झाडं का. कुणाचंही असो, एकदा ठरलंय ना, आता परत हलवू नका एवढीच विनंती.

हर्बेरियमवाला
@रानवाटसरू 'आपल्याला नेहमी डावलतात' असं म्हणणार असाल तर प्रोसोपिसचं बघा. २०२२ मधे तोही जीनस फुटला. तिथे टाईप शमी होती, म्हणून प्रोसोपिस नाव शमीकडे राहिलं आणि अमेरिकेतून आलेली वेडी बाभूळ नेल्टुमा झाली. तेव्हा तिकडच्या लोकांना नवी नावं शिकावी लागली, इथे कुणी धागा काढला नाही.

रानवाटसरू
कारण तिथे नियम पाळला!! मी पहिल्यापासून तेच तर म्हणतोय. उदाहरण माझ्या बाजूचं दिलंत तुम्ही.

बांधावरचा
वेडी बाभूळ नेल्टुमा का फिल्टुमा काय ती घेऊन जा म्हणावं कोणीतरी, नाव राहू दे इथंच. आमची गायरानं तिनंच खाल्ली.

हर्बेरियमवाला
😄 @रानवाटसरू तिथे मोडायला कारण नव्हतं, प्रोसोपिसमधे हजार जाती नाहीत. असो, तुम्ही तुमच्या यादीत अकेशिया निलोटिका लिहा, मी अडवणार नाही, फक्त पुढे नवं नाव पण टाका. नाहीतर पुढचा माणूस ऑनलाइन हर्बेरियममधे शोधायला बसेल आणि अर्धेच नमुने सापडतील त्याला.

रानवाटसरू
टाकतो. पण दुसऱ्या नंबरला.