मदत हवी आहे: २०१४ चा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) नव्या पीसीत चालवावा का?

मंडळी,

भाची आर्किटेक्चरला आहे. यंदा रेंडरिंग सुरू झालं आणि तिच्या लॅपटॉपने मान टाकली. आमचा २०१४ साली जोडलेला पीसी (आय५ ४४६०) माळ्यावर पडून आहे. त्याचं कॅबिनेट आणि एसएमपीएस ठेवायचा आणि रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बोर्ड, रॅम, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड एवढं नवं घ्यायचं, असा बेत आहे. एसएमपीएसचे चार-साडेचार हजार वाचले तर ते रॅमकडे वळवता येतील.

एसएमपीएस चांगल्या कंपनीचा आहे. ४५० वॉट, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचं मानांकन), सेमी-मॉड्युलर (काही केबल काढता-घालता येणारा). लेबलवर १२ व्होल्टला ३६ अँपिअर लिहिलंय. सीपीयूची ४+४ पिनची केबल आहे, ग्राफिक्स कार्डासाठी ६+२ पिनच्या दोन आहेत. २०२० पर्यंत रोज वापरात होता, नंतर बंदच. वॉरंटी केव्हाच संपली.

कार्डाच्या माहितीत ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवलाय. दुकानदार तर ७५० च्या खाली बोलायलाच तयार नाही. ४५० पुरेल का?

- शनिवारपेठी मामा

बिनधास्त

लावा हो. माझा २०११ चा अजून चालतोय. दुकानदाराला काय, विकायचंच असतं.

- हिंजवडी_रिटर्न

वॉट पुरतील, पण

मामा, आधी हिशेब करू. ४०६० चा टीडीपी (कंपनीने सांगितलेली विजेची गरज) ११५ वॉट. ५६०० ला ६५ म्हणतात, पण बोर्ड त्याला ७६ पर्यंत ओढू देतो. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून पन्नासेक धरा. झाले अडीचशेच्या आसपास. तुमच्या लेबलवर १२ × ३६ = ४३२ वॉट एकट्या १२ व्होल्टच्या लाइनवर आहेत. कंपन्या ५५० लिहितात, कारण गिऱ्हाईक कसला डबा लावणार आहे हे त्यांना ठाऊक नसतं. बाजारात '४५० वॉट'चं स्टिकर लावलेले असे एसएमपीएस मिळतात की १२ व्होल्टचा आकडा पाहिला तर निम्मेही भरत नाहीत. तेव्हा ७५० वगैरे सोडा.

वयाचं मात्र तसं नाही. आतले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वापराने आणि उष्णतेने सुकत जातात. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. तुमचा सहा वर्षं तापला, मग कित्येक वर्षं नुसता पडून राहिला. पडून राहणंही त्यांना मानवत नाही, आतला ऑक्साइडचा थर कमजोर होतो. कपॅसिटर थकले की १२ व्होल्टवर रिपल (व्होल्टेजमधली बारीक थरथर) वाढतो. एटीएक्स या पीसीच्या मानकाच्या नियमाने तो १२० मिलिव्होल्टच्या आत हवा. तो वाढला तरी पीसी सुरू होतो, विंडोज येते, सगळं छान दिसतं. मग रात्री रेंडर लावला की मध्येच रीस्टार्ट, आणि तुम्ही रॅमला दोष देत बसता.

शिवाय आजची कार्डं क्षणभर ठरल्यापेक्षा बरंच जास्त ओढतात. २०२२ च्या एटीएक्स ३.० मध्ये त्याचे नियम आले, २०१४ च्या माणसाला ते कुठून ठाऊक असणार? ४०६० त्या मानाने सोशिक आहे, हे खरं.

हिंजवडीसाहेब, तुमचा चालतोय, आनंद आहे. पण त्यावर कार्ड कोणतं आहे ते लिहिलं नाहीत.

- सोल्डरगन

मोजून पाहिलं

धन्यवाद. काल हिरवी आणि काळी वायर जोडून एसएमपीएस सुरू केला. पंखा फिरला. मल्टिमीटरवर १२.१, ५.०५ आणि ३.३ आले. मग ठीक म्हणायचा ना? उघडून कपॅसिटर फुगलेत का बघू का?

अजून एक. अनवाणी असताना कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, पूर्वीही यायच्या. एसएमपीएसचाच दोष का? (इमारत जुनी आहे, आणि गुरुवारी लाइट जाते म्हणून ६०० व्हीएचा यूपीएस आहे.)

- शनिवारपेठी मामा

उघडू नका

आकडे मर्यादेत आहेत, १२ ची मर्यादा ११.४ ते १२.६. पण लोडशिवाय मोजलेत, त्यामुळे तो मेलेला नाही एवढंच कळलं. आणि मल्टिमीटरला रिपल दिसत नाही, त्याला ऑसिलोस्कोप लागतो. उघडायचं तर अजिबात नाही. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट बराच वेळ राहू शकतात.

झिणझिण्या बहुतेक अर्थिंगच्या. प्रत्येक एसएमपीएसमध्ये फिल्टरचे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेले असतात. त्यातून किंचित करंट येतो, तो अर्थने निघून जायला हवा. पेठांतल्या जुन्या वायरिंगमध्ये तीन पिनचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. वायरमनला बोलावून फेज ते अर्थ व्होल्टेज बघायला सांगा, २३० च्या आसपास यायला हवं. हे नवा एसएमपीएस आणूनही सुटणार नाही, म्हणून आधी हे करा. भाची रात्रभर त्या पीसीला हात लावणार आहे.

- सोल्डरगन

यूपीएस

६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॉट, पीसी आणि मॉनिटर कसेबसे बसतील. स्वस्तातले यूपीएस बॅटरीवर पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात, काही अॅक्टिव्ह पीएफसीवाल्या (वीज सुरळीत खेचणारं सर्किट असलेल्या) एसएमपीएसना ती चालत नाही आणि लाइट गेली की पीसी धाडकन बंद. रेंडर लावण्याआधी एकदा प्लग काढून बघाच.

- तपकीर_गल्ली_फॅन

ठरलं

वायरमन येऊन गेला. सॉकेटला अर्थ नव्हताच. मीटरपासून नवी वायर ओढली, झिणझिण्या बंद. आणि ५५० वॉटचा सेमी-मॉड्युलर घेतोय, रॅम सध्या १६ जीबीच. शेवटचा प्रश्न: जुन्या एसएमपीएसच्या मॉड्युलर केबल कॅबिनेटमध्ये मागून छान बांधलेल्या आहेत. त्या तशाच ठेवून नुसता डबा बदलला तर?

- शनिवारपेठी मामा

नाही नाही नाही

एकही केबल ठेवू नका. बोर्डाकडच्या टोकाची मांडणी ठरलेली असते, एसएमपीएसच्या टोकाची नसते. कंपनीगणिक वेगळी, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत वेगळी. खाच बरोबर बसते, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ जातात. एसएसडी आणि हार्डडिस्क जागच्या जागी खलास होतात, डेटासकट. जुन्या केबल जुन्या डब्यालाच बांधून ठेवा, आय५ ला चालतील.

आणि नव्याबरोबर केबल कमी पडली तर साटा पॉवरवरून (डिस्कच्या विजेच्या कनेक्टरवरून) कार्डासाठी ८ पिन काढणारा अडॅप्टर आणू नका. साटाचा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॉटचा, कार्ड त्यावर १५० मागू शकतं.

- सोल्डरगन