एल्डोरा २०१३: खरी शर्यत आधीच झाली होती

अमेरिकेतल्या एल्डोरा ट्रॅकवर २०१३ साली झालेल्या नॅसकारच्या (तिथल्या मोटार शर्यतींची संस्था) ट्रक शर्यतीत ऑस्टिन डिलनने शेवटी काइल लार्सनला मागे ठेवलं तोच क्षण शर्यतीचा कळस, असं म्हटलं जातं. मला नाही पटत. कळस आधीच होऊन गेला होता, मुख्य शर्यतीत जागा मिळवण्यासाठीच्या शेवटच्या पात्रता शर्यतीत. एकच जागा उरलेली, आणि ६१ वर्षांचा नॉर्म बेनिंग स्वतःच्या खर्चाने चालवलेला ५७ नंबरचा ट्रक घेऊन तिला चिकटून बसलेला. क्ले ग्रीनफील्ड मागून धडका देत होता, ट्रक भिंतीला घासत होता, पण म्हातारा हटला नाही! रेषा ओलांडताना त्याने खिडकीतून केलेली खूण इथे लिहिण्यासारखी नाही. मुख्य शर्यतीत तो कितवा आला, हे कोणाच्या लक्षात आहे?

आणि '१५० फेऱ्यांचे ६०-५०-४० असे तुकडे टीव्हीसाठी पाडले' हे म्हणणंही अर्धवट. अर्ध्या मैलाच्या त्या मातीच्या ट्रॅकवर नेहमीसारखे पिट स्टॉप (शर्यत चालू असताना टायर बदलायला, इंधन भरायला थांबणं) करायला जागाच नव्हती, म्हणून मध्ये शर्यत थांबवणं भाग होतं.