स्टॅबिलायझरच्या आधी अर्थिंग

गुहागरच्या घरी अँप्लिफायर ठेवायचाय, चांगला स्टॅबिलायझर घेतला की झालं का, असा मूळ प्रश्न आहे. माझ्या मते नाही. स्टॅबिलायझर कमी-जास्त व्होल्टेज सावरतो. आकाशातल्या विजेमुळे वायरीत उठणारा झटका मायक्रोसेकंदांत येतो, तेवढ्यात स्टॅबिलायझरचा रिले, म्हणजे आतला स्विच, हलतही नाही. ते काम सर्ज प्रोटेक्टरचं. पण तो जादा वीज जमिनीत सोडणार, म्हणजे अर्थिंग खणखणीत हवं, आणि आपल्याकडे घोडं तिथेच पेंड खातं. कोकणातल्या जांभ्या दगडात पाणी टिकत नाही. मे महिन्यात वळवाच्या विजा कडाडतात, नेमका तेव्हाच अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक असतो. त्यात खारी हवा जोड गंजवते. वायरमनला मेन बंद करून अर्थिंगच्या वायरचा क्लँप उघडायला सांगा. तांब्यावर हिरवट पूड दिसली तर तो जोड बदलाच. एप्रिलपासून खड्ड्यात पाणी घालत राहा.

वादळात माड पडून खांबावरचा न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) तुटला तर मात्र 230च्या जागी 400च्या आसपास व्होल्टेज घरात येऊ शकतं. तिथे सर्ज प्रोटेक्टर स्वतःच जळतो. ओव्हरव्होल्टेजला लाइन तोडणारा कटऑफ बोर्डातच बसवून घ्या.

स्पीकरमधल्या घूं आवाजासाठी काहींनी अर्थची पिन काढायला सुचवलंय. कृपा करून असं करू नका, अँपच्या धातूच्या कॅबिनेटला हात लावताच शॉक लागून जीव जाऊ शकतो! अँप, टीव्ही, सेटटॉप बॉक्स एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, बहुतेकदा तेवढ्यानं भागतं. आणि लांबवर गडगडायला लागलं की प्लगबरोबर डिशची केबलही काढा. झटका तिथूनही आत शिरतो.