गोल्फमध्ये लांबच्या पटचं अंतर काही केल्या जमत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पुण्यात येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर दोन वर्षं खेळतोय. ५-६ फुटांचे पट (ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, चेंडू भोकाकडे घरंगळवायचे फटके) बरे पडतात. रडगाणं आहे ते ३०-४० फुटांचं. दिशा ठीक असते, पण चेंडू एकतर ८ फूट अलीकडे थांबतो, नाहीतर तेवढाच पुढे पळतो. मग चेंडू भोकात जायला पटचे तीन फटके ठरलेलेच!

पटर (पट मारायची काठी) मागे किती न्यायचा हे पावलं मोजून ठरवून पाहिलं. सकाळी दव असताना जमलं. दहानंतर ग्रीन सुकलं आणि त्याच स्विंगला चेंडू सुसाट. त्यात गवताचा कल उलटा असला की सगळा हिशोबच कोसळतो. घाबरून ऐन वेळी मनगटही झटकतो, हे मित्राने काढलेल्या व्हिडिओत दिसलं (बघवलं नाही).

अमेरिकन गोल्फर जॉर्डन स्पीथ छोटे पट चेंडूकडे न बघता भोकाकडे बघून मारायचा. लांबच्या पटला हे कुणी करून पाहिलंय का? आणि खेळायच्या आधी दहाच मिनिटं मिळाली, तर त्या दिवसाच्या ग्रीनचा वेग तुम्ही कसा जोखता? नवीन पटर घे, हा सल्ला सोडून काहीही सांगा. घरी आधीच तीन आहेत.