मुंबई–न्यूयॉर्क: तिकिटावर साडेसहा तास, मुलगी म्हणते सोळा

साताऱ्याची आई:
नमस्कार. वय ६८. जूनमध्ये मुलीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला चालले आहे, एकटीच. मुंबईहून थेट न्यूयॉर्कचं विमान आहे. तिकिटावर सुटण्याची वेळ रात्री १.३० आणि पोचण्याची सकाळी ८, तारीख तीच. मुलगी म्हणते सोळा तास बसावं लागेल. मला थायरॉइडची गोळी उपाशीपोटी आणि साखरेची दोन वेळा जेवणाआधी लागते, म्हणून नेमके तास कळायला हवेत. आणि अंतर आहे तरी किती?

निवृत्त भूगोल शिक्षक:
ताई, मुलगी बरोबर सांगते. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. जूनमध्ये न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे. तिथे सकाळी ८ वाजतात तेव्हा साताऱ्यात संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. आता रात्री दीडपासून मोजा.

अंतर मी वर्गात दोऱ्याने मोजून दाखवायचो. ३० सेंमी व्यासाच्या पृथ्वीगोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणला की साडेएकोणतीस सेंमी भरतो. गोलाचा घेर ९४ सेंमी, पृथ्वीचा ४०,००० किमी. त्रैराशिक मांडलं की साधारण १२,५०० किमी येतात. भिंतीवरच्या नकाशामुळे मुलांना वाटायचं, अरबी समुद्र आणि आफ्रिका ओलांडून सरळ पश्चिमेला जायचं. दोरा मात्र वर चढतो. मॉस्कोजवळून नॉर्वे, तिथून आइसलंड, मग ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाशी वळून कॅनडात. ते पाहून वर्ग एकदम गप्प व्हायचा. तो क्षण मला फार प्रिय होता.

ताशी ९०० किमीने हे चौदा तासांचं काम. पण जाताना वारा समोरून असतो आणि विमान दोऱ्यावरून जातही नाही. अमेरिकी कंपन्यांना २०२२पासून रशियावरून जाता येत नाही, एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली. वळसा पडला की वेळ वाढतो.

एडिसनकर:
काकू, सरांनी सांगितलेला तोच वारा येताना पाठीशी असतो. दहा-बारा किमी उंचीवर तो पश्चिमेकडून पूर्वेला जोरात वाहतो, त्यामुळे परतीला तास-दीड तास तरी वाचतो. डिसेंबरात परतणार असाल तर फरक साडेदहा तासांचा धरा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात.

गोळ्या हातातल्या बॅगेतच ठेवा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. माझ्या बाबांनी त्या मोठ्या बॅगेत टाकल्या होत्या आणि बॅग दोन दिवसांनी आली. ते दोन दिवस आम्ही कसे काढले, आम्हालाच माहीत. कोणती गोळी विमानात कधी घ्यायची ते डॉक्टरांकडून भारतीय वेळेत लिहून घ्या आणि उतरेपर्यंत मनगटावरचं घड्याळ बदलू नका. व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा. पासपोर्टच्या रांगेत दीड-दोन तास उभं राहावं लागू शकतं.

साताऱ्याची आई:
दोघांचे आभार. घरापासून हिशोब केला: मुंबईपर्यंत गाडीने साडेपाच तास, विमानतळावर चार तास आधी, मग सोळा, वर ती रांग. म्हणजे साडेसत्तावीस तास धरून चालते. उद्याच डॉक्टरांकडे जाते.

शेजारच्या मुलाचा पृथ्वीगोल आणला होता. लहान आहे, घेर ६३ सेंमी. दोरा पावणेवीस भरला, हिशोब सरांचाच आला. आइसलंडवर बोट ठेवून फोटो काढला आणि मुलीला पाठवला.